पप्पांनी न लिहिलेला कागद

काल आमच्या मिशनच्या दवाखान्यात नवी नर्स भिंतीवरचा 'आमचा विश्वास' हा कागद वाचत उभी होती. मला पप्पा आठवले. दवाखाना त्यांनीच सुरू केला, पण त्यांच्या हयातीत असा कागद नव्हता. "आपला विश्वास कामात दिसतो," ते म्हणायचे. सकाळी प्रार्थना करून ते पेशंट तपासायला बसत, आणि खरंच तो दिसायचा.

ते गेले आणि वर्षभरातच कमिटीत वाद झाला. त्यांचे जुने सोबती सॅम्युएलकाका म्हणाले, "प्रार्थनेला बसेल त्यालाच औषध द्यावं. डॉक्टरांना हेच हवं होतं."

"कधीच नाही," आई म्हणाली.

दोघांचाही पप्पांवर जीव होता, पण दाखवायला एक ओळ नव्हती. शेवटी आईच लिहायला बसली. 'प्रभू येशूवर आमचा विश्वास आहे, म्हणून दारात आलेल्या कुणालाही आम्ही धर्म विचारत नाही.'

काकांनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "हो, हे त्यांचंच बोलणं," म्हणाले आणि त्यांनी सही केली.

घरी येताना आई मला म्हणाली, "रोज कानावर पडायचं रे. तोवर लिहून ठेवावंसं वाटलंच नाही."