अमावस्येचं तिकीट

ती घटना मला आजही आठवते, आणि ती विसरण्याचा मला अधिकारही नाही, कारण तिच्या प्रत्येक कागदावर तपासी अधिकारी म्हणून माझी सही आहे. निवृत्तीनंतर मी काही तपासांविषयी लिहिलं, शाळा-कॉलेजांत भाषणं केली, लोकांनी हार घातले, ते घालून घेतले. त्या भाषणांत या तपासाविषयी फक्त एकदा बोललो, आणि तेव्हा खोटं बोललो. ते आता दुरुस्त करतो. इथे कोणाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. मुलगी कोणत्या देशात शिकायला निघाली होती आणि वाटेत कुठे अडकली, तेही गाळतो. आमच्या भागात तेवढ्यावरून घर ओळखू येतं.

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपली होती. रायटर हवालदार स्टेशन डायरी घेऊन समोर उभा असताना एक बडे बागायतदार दहा-बारा माणसांसह आत आले. संत्र्याचे बगीचे, वरपर्यंत ओळखी. मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला.

त्यांच्या मुलीला परदेशात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. त्या घरातली परदेशी जाणारी ती पहिली. गावात निरोपाचा कार्यक्रम झाला, चौकात फलक लागले. मुंबईहून एका विमानाने मधल्या देशात आणि तिथून दुसऱ्या विमानाने पुढे, असा प्रवास होता. मधल्या विमानतळावर मुलगी अडकली. दुसऱ्या विमानाचा पास देणारी खिडकी पासपोर्ट तपासणीच्या बाहेरच्या बाजूला, तिची बॅगही बाहेर, आणि बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा हवा. तो तिच्याकडे नव्हता. दुसरं विमान निघून गेलं. दोन रात्री तिला एका बंद खोलीत बसवून ठेवलं आणि मग परत पाठवलं. तोवर कॉलेजात हजर होण्याची मुदत संपली आणि प्रवेश गेला.

"साहेब, त्या तिकीटवाल्यानं आमाले बोगस तिकीट देलं," वडील म्हणाले. "पोरगी तथी दोन रात्री खुर्चीवर बसून राह्यली. चौकातले बोर्ड अजून उतरले नाईत अन् पोरगी घरात! कोनाले तोंड दाखवू?"

मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. दोन तिकिटांच्या प्रती टेबलावर होत्या. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे बुकिंग क्रमांक. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आमच्या तालुक्यातला दुकानदार साध्या झेरॉक्सवरसुद्धा दुकानाचा शिक्का मारतो. या दोन्ही कागदांवर शिक्का नव्हता. मी ते पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं नाही.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तिकीटवाला स्टँडवर हाय. हातात बॅग हाय. पळून राह्यला."

तो बाजाराचा दिवस होता. आम्ही त्याला स्टँडवर धरलं. जीप जवळच उभी होती. तरीही मी त्याला बेड्या घातल्या आणि भाजीच्या ओळींतून, बांगड्यांच्या दुकानांसमोरून पायी ठाण्यात नेलं. न्यायालयाच्या परवानगीशिवाय बेड्या घालता येत नाहीत, हे मला माहीत होतं. लोकांनी पाहावं, एवढ्यासाठी मी ते केलं.

तो चाळिशीतला, बौद्ध घरातला. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबलेले. त्याने कॉम्प्युटर शिकून स्टँडजवळ छोटं दुकान काढलं होतं. पासपोर्टचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेची आणि विमानाची तिकिटं. त्याच्या बॅगेत एक कपड्यांचा जोड आणि एक फाईल निघाली.

"कुठं पळत होता बे?"

"पळत नव्हतो साहेब. मुंबईले चाललो होतो, विमान कंपनीच्या हापिसात. मी पोरीले एकच तिकीट देलं होतं. हे दोन तिकीट माह्ये नाईत. माह्यं तिकीट रद्द कोन केलं, ते लेखी आनाले चाललो होतो."

"एक असो का दोन, विमानं तर दोनच होती ना?"

"तसं नाई साहेब." त्याही अवस्थेत तो गिऱ्हाइकाला सांगावं तसा समजावून सांगू लागला. "एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असले का बॅग मुंबईत टाकली, ते डायरेक्ट शेवटल्या गावी निघते. मधात मानूस विमानतळाच्या आतच राह्यते. त्याले बाहेर पडाचं काम नाई, म्हून तथला व्हिसा नाई लागत. तिकिटं अलग अलग केले का बॅग मधातच उतरते. ते घ्याले बाहेर जा लागते. अन् बाहेर पाय टाकला म्हंजे त्या देशात गेलो आपन. कंपनी-कंपनीचं, देशा-देशाचं थोडं अलग रायते, पन मी पोरीले जे काढून देलं होतं त्यात काईच अडचन नव्हती."

"म्हणजे खामगावात एसटी बदलली तर खामगावचा परवाना काढायचा?" मी म्हणालो. हवालदार खो खो हसला. मीही हसलो.

फाईलमध्ये त्याने दिलेल्या मूळ तिकिटाची प्रत होती. एकच बुकिंग क्रमांक, खाली दुकानाचा शिक्का, आणि निळ्या पेनाने मराठीत लिहिलेलं: 'बॅग मधात घ्यायची नाही. थेट शेवटी मिळेल. तारीख बदलायची असल्यास आधी मला फोन करावा.' मी म्हणालो, हे तू काल रात्री लिहिलं असशील.

"त्याइचा फोन आला होता साहेब," तो म्हणाला. "म्हने त्या दिवशी अमावस्या आहे, तारीख बदलून द्या. मी म्हनलं आदल्या दिवसाची एका तिकिटावर जागा नाई, बदलू नका. मोबाईल तपासा माह्या."

मोबाईल मी तपासला नाही. त्याऐवजी त्याला मारलं. पट्ट्याने, तळपायांवर. डायरीत 'कसून चौकशी केली' असं लिहिलं. कोठडीच्या तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुमाले जे लिहाचं ते लिहा." मी लिहिलं. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. वर्तमानपत्रात चालते. 'परदेशी शिक्षणाच्या नावाखाली गंडा, आरोपी जेरबंद' अशी बातमी आली. तीत माझा फोटो होता आणि वरिष्ठांनी फोन करून पाठ थोपटली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी मुलीचा पुरवणी जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. बरोबर एक महिला शिपाई होती. वडिलांना कोणाचा तरी फोन आला म्हणून ते ओट्यावर गेले. मुलगी तेवढ्याचीच वाट पाहत होती.

"काका, त्यांनी आम्हाला एकच तिकीट दिलं होतं. ते मीच रद्द केलं, माझ्या मोबाईलवरून. माझ्याच ईमेलवर काढलेलं होतं. मग मीच दोन वेगळी तिकिटं काढली, आदल्या दिवसाची."

"का?"

"विमान अमावस्येला होतं. बाबा म्हणाले, अमावस्येला पोरीचा पाय उचलू देणार नाही. ते दुकानवाले काका म्हणाले होते की तारीख बदलू नका, हवं तर आदल्या दिवशी शेजारी पस्तान ठेवा. तुमच्यात ठेवतात ना, म्हणाले."

पस्तान म्हणजे प्रस्थान. निघायचा दिवस वाईट असला की चांगला मुहूर्त पाहून कपड्यांचं गाठोडं शेजारच्या घरी ठेवतात. माणूस त्याच वेळी निघाला असं धरतात, मग प्रत्यक्षात कधीही निघावं. माझ्या आईनेही मी नोकरीवर रुजू होताना ठेवलं होतं. साधा, घरगुती तोडगा त्या माणसाने सुचवला होता.

"मग ठेवलं का नाही?"

"बाबांना राग आला. म्हणाले, आता हे लोक आपल्याला पस्तान शिकवणार काय. फोनच ठेवून दिला." तिने पुस्तकातून एक घडी केलेला कागद काढला. पहिलं तिकीट रद्द झाल्याची ईमेल होती, तारखेसह. "हे घ्या. त्यांना सोडा, काका. मला तिकडं काहीही झालं असेल, पण ते त्यांच्यामुळं नाही झालं."

तपास तिथे उलगडला होता. माझ्या नोकरीत मी असा सरळ पुरावा क्वचितच पाहिला. कागद जप्त करायचा, जबाब नोंदवायचा आणि आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल न्यायालयात द्यायचा, एवढंच काम होतं.

वडील आत आले. कागद माझ्या हातात पाहून थबकले. मग माझ्याजवळ बसत हळू म्हणाले, "साहेब, लेकरू घाबरलं हाय. पेपरात तुमचं नाव आलं, माह्यं बी आलं. आता मांगं फिरलं तं दोघाइचं हसं होईन."

मी तो कागद वडिलांच्या हातात दिला.

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. नंतर मी तिचा जबाब लिहिला. 'माझे वडिलांनी दिलेली फिर्याद मला वाचून दाखवली, ती बरोबर आहे.' तिने सही केली. महिला शिपाई भिंतीकडे बघत उभी होती.

जात पाहून मी वागलो नाही, असं त्या दिवसांत मी शपथेवर सांगितलं असतं. पण एकाला मी उठून खुर्ची दिली होती आणि दुसऱ्याला पाच दिवस बसू दिलं नव्हतं. दोघांपैकी खरं कोण बोलतंय, हे मी कागद उघडण्याआधीच ठरवलं होतं.

तो दीड महिना तुरुंगात राहिला. दुकान बंद पडलं. सुटल्यावर दुसऱ्याच्या दुकानात टायपिंग करू लागला. मी दोषारोपपत्र पाठवलं, माझी बदली झाली, मी निवृत्त झालो. खटला तारखांवर चालत राहिला. काही वर्षांनी साक्षीचं समन्स आलं म्हणून न्यायालयात गेलो, तेव्हा सरकारी वकील म्हणाले, "परत जा साहेब. आरोपी मयत झाला. केस संपली." मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन मी रसवंतीवर उसाचा रस प्यायलो. तो रस मला गोड लागला, हेही लिहून ठेवतो.

मागच्या वर्षी आमच्या मुलीकडे परदेशी जायचं म्हणून आम्ही नवरा-बायको अकोल्याला तिकीट काढायला गेलो. मी दुकानातल्या मुलाला म्हणालो, वेगवेगळी तिकिटं काढ, तारखा सोयीच्या मिळतात. तो म्हणाला, "नका करू काका. बॅग मधात उतरीन, बाहेर जा लागीन, तथला व्हिसा तुमच्यापाशी नाई." बायको म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलं." मी उठून दुकानाबाहेर आलो. तिकीट काढलं नाही. प्रवासाला गेलो नाही.

मी सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहिलं. एक प्रत पोलीस अधीक्षकांकडे, एक न्यायालयात दिली. त्या बागायतदारांना कळवलं. त्यांनी फोन कापला. तिसरी प्रत घेऊन त्या माणसाच्या बायकोकडे गेलो. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, म्हणाली, "वाचा." मी वाचलं.

"मंग आता कोर्ट त्याइले निर्दोष म्हनीन काय?"

"नाही. ते गेले तेव्हाच खटला बंद झाला."

"मंग हे मले काऊन सांगून राह्यले? मले तं पयल्या दिवसापासून मालूम होतं." ती कागदाला हातही लावत नव्हती. "ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा. बजारातून नेलं होतं ना तुमी? तथीच वाचा."

पुढच्या बाजारी मी गेलो. भाजीच्या ओळीच्या टोकाला उभं राहून, नावानिशी, पूर्ण वाचलं. सही माझी, मार माझा, खोटा जबाब माझा. पंधरा-वीस लोक थांबले. वाचून झाल्यावर एक म्हातारा पुढे आला.

"तो तिकीटवाला ना साहेब? ज्यानं पोरीले फसवलं होतं?"

"फसवलं नव्हतं. तेच तर वाचलं."

"हाव, आयकलं ना. पन काही असल्याबिगर पोलीस धरतात काय?"

"काहीच नव्हतं. मी खोटं लिहिलं."

त्याने माझा हात हातात घेतला. "तुमचं मन लय मोठं हाय साहेब. मेलेल्या मानसाची बदनामी नको म्हून सोतावर घेऊन राह्यले."

मी खोटं लिहिलं, तेव्हा या बाजारात कोणीही पुरावा मागितला नव्हता. आता मी खरं सांगत होतो, तर तेही माझ्याच मोठेपणाच्या खात्यात जमा होत होतं. तरुण अधिकारी मला विचारतात की अनुभवातून काय शिकलात. एवढंच शिकलो: एखाद्याला धरणं हे आमचं एका दुपारचं काम असतं, आणि लोकांच्या मनातून त्याला सोडवणं आमच्या हातात कधीच नसतं. म्हणून हात उचलण्याआधी, सही करण्याआधी, समोरचा काय समजावून सांगतोय ते ऐकावं.

त्याची बायको गर्दीच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होती. गर्दी पांगल्यावर जवळ आली.

"आयकलं मी," ती म्हणाली. "अन् त्या बुढ्याचंही आयकलं. पुढच्या बजारी अजून या."

आजवर सहा बाजार झाले.