गाठ पट्ट्यात येईपर्यंत

"श्वास रोखून धरावा लागेल," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी जवळजवळ टाळीच वाजवली. कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर इतकी खूश झालेली पेशंट त्यांनी आधी पाहिली नसावी. पण माझं अख्खं तारुण्य गोरेगावच्या मैदानावर कबड्डी खेळण्यात गेलं, बँकेतली नोकरीही त्याच जोरावर लागली. दम हा तर माझा हातखंडा विषय! आयुष्यात कधी सिगारेटला हात न लावता फुफ्फुसात गाठ झाली म्हणून मी आधीच धुमसत होते. आता निदान मला करण्यासारखं काहीतरी निघालं होतं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गाठ फुफ्फुसाच्या तळाशी होती आणि श्वासाबरोबर वर-खाली सरकत होती. सरकत्या गाठीवर किरण सोडायचे तर आजूबाजूचा बराच चांगला भागही भाजून निघतो. आणि माझं दुसरं फुफ्फुस निवृत्तीच्या सुमारास झालेल्या टीबीने केव्हाच अर्धं केलेलं. म्हणून ऑपरेशन नाही, आणि या फुफ्फुसाचा चांगला भाग जितका वाचेल तितकं माझं हिंडणं-फिरणं वाचणार. नाहीतर नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीत बसायचं. पण म्हटलं, दमच धरायचाय ना? बघाच.

अंधेरीच्या त्या हॉस्पिटलात सराव ठेवला होता. मी टेबलावर उताणी, हात डोक्यावर, पोटावर एक हलकीशी डबी. छतावरचा कॅमेरा डबीवर नजर ठेवून होता आणि समोरच्या पडद्यावर माझ्या श्वासाची रेघ उमटत होती. वरच्या बाजूला एक हिरवा पट्टा. श्वास भरायचा आणि रेघ त्या पट्ट्यात धरून ठेवायची. मी मोठ्या रुबाबात श्वास भरला. रेघ झकास वर गेली आणि लगेच घसरायला लागली. पुन्हा भरला, पुन्हा घसरली.

मशीन चालवणारी मुलगी बाहेरून माइकवर म्हणाली, "काकू, तुम्ही बोलताय का?"

"नाही गं!"

"मग ओठ का हलतायत?"

हसावं की रडावं कळेना. श्वास भरला रे भरला, की मी मनातल्या मनात कबड्डी-कबड्डी म्हणत होते! चढाईला गेलं की दम आत कोंडून ठेवत नाहीत, बोलत बोलत जपून सोडतात. शरीर इतकी वर्षं तेच शिकलेलं. जिच्या जोरावर मी मिरवत होते तीच सवय माझी वाट लावत होती.

बोरीवलीला घरी येऊन सराव सुरू केला. मी पलंगावर आडवी, नवऱ्याने माझ्या पोटावर टीव्हीचा रिमोट ठेवलेला. "घसरला," तो दर वेळी सांगायचा. "अरे, कळतंय मला!" (आमचं मैदानावर जमलेलं, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही.) शेवटी एकदा मी तो रिमोटच भिरकावला. बॅटऱ्या कपाटाखाली गेल्या आणि सराव संपला.

मग डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. श्वास रोखायचा नाही, नेहमीसारखा घ्यायचा. श्वास सोडून झाला की गाठ क्षणभर एका जागी थांबते. मशीन तेवढ्यातच किरण सोडणार, गाठ हलली की बंद. पण श्वास एकसारखा हवा. तोही वेडावाकडा निघाला, तर मोठा भाग भाजण्यावाचून इलाज नव्हता.

परतताना रिक्षात मी चिडचिड करत होते. "म्हणजे मी नुसतं पडून राहायचं? काहीच करायचं नाही?"

"तू काय फक्त चढाईच करायचीस?" नवरा म्हणाला. "बचावाला कोपऱ्यात उभी असायचीस तेव्हा काय करायचीस गं?"

कोपऱ्यात मी कधी कुणाच्या अंगावर धावून जात नसे. समोरची नाचेल, हूल देईल, आपण जागचं हलायचं नाही. ती टप्प्यात आली की मगच तिचा पाय धरायचा.

"यार, हे आधी नाही का सांगायचं?"

"रिमोट कोणी फेकला?"

पहिल्या उपचाराच्या दिवशी हिरवा पट्टा पडद्यावर खालच्या बाजूला होता. श्वास सुटला, रेघ खाली येऊन पट्ट्यात शिरली आणि मशीनची घरघर सुरू झाली. रेघ बाहेर पडली, घरघर बंद. पुन्हा शिरली, पुन्हा सुरू! अगं बाई, हे खरंच तिला गाठतंय! मला असा काही आनंद झाला की श्वासच फुलला, रेघ उड्या मारायला लागली आणि मशीन साफ गप्प बसलं.

"काकू, एक्साइट नका ना होऊ!"

"होत नाहीये गं!"

"आणि बोलू पण नका!"

मी डोळे पडद्यावर ठेवले आणि मनाने कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. मागे लागायचं नाही, येऊ दे तिला. हळूहळू रेघ एका लयीत आली. घरघर सुरू, बंद, सुरू. दर वेळी नेमकी गाठ टिपली जात होती आणि शेजारचं माझं चांगलं फुफ्फुस सुटत होतं. आतून मी मैदान दणाणून सोडत होते. वरून मात्र देवळातल्या कासवासारखी निवांत.

तेवढ्यात डोळे भरून आले. पाणी ओघळून कानात शिरायला लागलं, हात डोक्यावर, पुसणार कशाने? हुंदका गळ्यापर्यंत आला. हुंदक्याने पोट हललं असतं. मला अजून बरीच वर्षं स्वतःच्या पायांनी जिना चढायचा होता. मी पाणी वाहू दिलं, रेघ पट्ट्याबाहेर जाऊ दिली नाही.