केक, सुरी आणि स्वप्नाचा हट्ट

केसाच्या जाडीइतकं बारीक मोजण्याचा स्वप्नाला भारी अभिमान! नोकरी सोडून तिने गोखिवऱ्याच्या गाळ्यात, भागीदार विघ्नेशबरोबर, स्वतःचं पहिलं मशीन उभं केलं होतं. तेही केक कापायचं, पापडी गावच्या एस्थरबाईंच्या बेकरीसाठी. लग्नाच्या केकचे तुकडे नातेवाइकांत वाटतात, आणि एखाद्या आत्याच्या वाट्याला लहान तुकडा आला की ती बारशापर्यंत फुगून बसते. म्हणून तुकडे अगदी सारखे हवेत.

रचना साधी. सरकत्या टेबलावर ट्रे, टेबलाला मोटर, वरून उतरणारी सुरी. टेबल नेमकं कुठे आलंय हे मोटरला सांगतो तो एन्कोडर. स्वप्नाने काचेच्या पट्टीवरच्या खुणा प्रकाशाने वाचणारा, सगळ्यात बारीक मोजणारा निवडला. बेकरीत काचेवर मैद्याचा धुरळा बसला आणि झालं! एक तुकडा विटेएवढा, दुसरा बोटाएवढा.

"माझ्या भाचीचं लग्न आलंय," एस्थरबाई म्हणाल्या. "तेव्हा पन असंच झालं, तर मशीन उचलून न्यायचं. काय?"

स्वप्नाला रडू आलं, मग स्वतःचाच राग आला. केकला कशाला हवी केसाची जाडी? मिलिमीटरचा हिशेब पुरे! तिने चुंबकी पट्टी निवडली. ती मैद्याला कसली भीक घालते! पण त्यातही दोन प्रकार निघाले. एक शून्यापासून मोजत जातो आणि लाइट गेली की सगळं विसरतो. दुसरा कुठेही असो, आपली जागा तिथल्या तिथे ओळखतो.

"पहिलाच घे ना," विघ्नेश म्हणाला. "लाइट गेली तर टेबल परत शून्यावर नेऊ."

"आणि सुरी केकमध्ये असली तर? चुरा होईल रे! दुसराच घ्यायचा."

लग्नाच्या सकाळी मशीन सुरू झालं. तुकडे असे पडू लागले की एस्थरबाई हसल्या. तेवढ्यात लाइट गेली! सुरी केकमध्ये अर्धी. बाईंनी घाबरून हाताने सुरी वर उचलली आणि टेबलच बाहेर ओढलं.

"बाई, हलवू नका!" स्वप्ना ओरडली, पण टेबल हललं होतं.

लाइट आली. मशीनच्या पडद्यावर टेबलाची जागा उमटली, ओढल्यानंतरची, अगदी बरोबर! अर्धा राहिलेला काप मशीनच्या आठवणीत होताच. स्वप्नाने श्वास रोखून बटण दाबलं. टेबल सुळकन मागे गेलं, थांबलं, आणि सुरी त्याच अर्ध्या कापात उतरली.

"गेली!" विघ्नेशने आरोळी ठोकली. "त्याच कापात गेली!"

एस्थरबाईंनी तो तुकडा उचलला, शेजारच्यावर ठेवून पाहिला. कडेला कड लागली.

"मशीन कुठे न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. स्वप्नाने त्यांना मैद्याच्या एप्रनसकट मिठी मारली.