‘बझ ऑफ’ला थँक यू

द्वारकाने आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली. सासूची खाल्ली, जावेची खाल्ली. पण बोलणी खाऊन वर आभार मानले ते एकदाच, आणि तेही इंग्रजीत. आज दिल्ली कँटमधल्या जवानांच्या बायका तिच्याकडे इंग्रजी शिकायला येतात, तेव्हा पहिल्या दिवशी ती त्यांना माणसाला हाकलून लावायचे शब्दच शिकवते. नव्या बायका बिचकतात. पण त्यामागे कारण आहे.

नवरा शहाजी फौजेत हवालदार. झाशीहून दिल्लीला त्याची बदली झाली ती भर जुलैत, शाळा सुरू झाल्यावर. लेक रिंकू सातवीतली. जवळच्या शाळेत एकच जागा उरली होती, तीही शुक्रवारपर्यंत. सोमवारी द्वारका रिंकूला घेऊन शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी गेली. आतल्या बाईने दाखला धड उघडलासुद्धा नाही. “एक मोहर कम है,” म्हणाली. द्वारकाने शिक्क्यावर बोट ठेवून दाखवलं. तशी ती बाई शेजारणीकडे बघून हसली आणि म्हणाली, “बझ ऑफ.”

मॅडम हसून बोलल्या म्हणजे चांगलंच काहीतरी असणार! द्वारकाने हात जोडले. “थँक यू, मॅडम.” आतले सगळे खो खो हसले.

बसमध्ये रिंकू तिच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “मम्मी, ती ‘चल, फूट इथून’ म्हणाली तुला.”

द्वारकाला रडूच आलं. वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या याचं नव्हे, आपण त्या हात जोडून घेतल्या याचं. झाशीला बायकांच्या वर्गात ती महिनाभर इंग्रजी शिकली होती. मे आय कम इन, प्लीज, वेलकम, सगळं कसं गोड गोड. जणू त्या भाषेत कुणी कुणाला हाकलतच नाही! असलं अर्धवट शिकवणाऱ्यांना दोन दिवस त्या खिडकीसमोर उभं करायला हवं.

घरी येताच तिने रिंकूपुढे वही टाकली. “असे जेवढे येतात तेवढे लिही.”

गेट लॉस्ट, पुश ऑफ, स्क्रॅम, बीट इट, टेक अ हाइक... अकरा झाले. बारावा रिंकू काही केल्या लिहीना.

“एवढेच?” द्वारका म्हणाली. “आपल्या गावात एका दमात याहून जास्त ऐकवतात.”

शहाजीने वही वाचली आणि मिशीत हसला. “शब्द कळले ना? बस. आता पहाऱ्यावरचा संत्री जागा सोडत नाही, एवढं लक्षात ठेव.”

मग रोज सराव. ती चपात्या लाटायची, रिंकू दारातून ओरडायची, “गेट लॉस्ट!” द्वारकाने हलायचं नाही. पहिल्या दिवशी हातातून लाटणं पडलं. गुरुवारी चपाती गोल आली.

शुक्रवारी दोघी पुन्हा गेल्या. खिडकीतली बाई म्हणाली, “यू अगेन? गेट लॉस्ट!”

वहीतला पहिलाच. द्वारकाला जवळजवळ हसू आलं. “आय अंडरस्टँड, मॅडम,” ती म्हणाली, “लेकिन मैं नहीं जाऊँगी.” आणि उभी राहिली. मागे रांग वाढली, कुरकुर झाली, बाईचा आवाज चढला. त्या आवाजाने मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी दाखला हातात घेतला, उलटून पाहिला. “मोहर तो यह रही,” म्हणाल्या. खिडकीतली बाई खाली बघू लागली.

मुख्याध्यापिकांनी आपल्या खोलीचं दार उघडलं. “प्लीज कम इन. प्लीज सिट डाउन.”

द्वारका हलली नाही.

हे वाक्य झाशीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण आजवर तिला ते कुणी म्हटलं नव्हतं. त्याचा सराव कुठून असणार?

रिंकूने पदर ओढला. “मम्मी, हे वहीतलं नाही. चल, आत खुर्चीवर बसायचंय.”