भरवशाची बॅटरी

पोळ्याच्या आधीचा बाजार, ठिकाण बुलढाणा, रक्कम साडेनऊ रुपये, सेल वेगळे. हजर तिघे: दुकानदार, मी आणि आमचे शेजारी गिरणीवाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. आम्ही तिघंही दुकानामागच्या कोठीत, सुक्या मिरच्यांच्या पोत्यांमध्ये उभे होतो आणि गिरणीवाले म्हणत होते, "दार लावा."

दुकानदारानं दार लावलं. मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मला शिंक आली.

"शिंका मंग. फटीतून उजेड येऊन राह्यला. नीट लावा."

"अहो, ग्राहक आहेत बाहेर," दुकानदार म्हणाला.

"राहू द्या. बॅटरी काई उजेडात घेत नसतात, शेठ."

ती पाचवी बॅटरी होती. पहिल्या चार त्यांनी नापास केल्या होत्या. एकीचा उजेड मधे काळा पडत होता. दुसरीचं बटण ढिलं होतं. तिसरी कानाशी हलवली तर आत काहीतरी वाजलं. चौथी का नापास झाली ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती हातात तोलली आणि खाली ठेवली. त्या कोठीत दीड तास गेला. दाराला पाठ लावून ते स्वतःच उभे, त्यामुळे बाहेर पडायची सोय नव्हती. साडेतीनची एस.टी. गेल्याचा आवाज मी आतूनच ऐकला.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. स्वतःची खरेदी वर्षातून दोनदा, दुसऱ्याची दर बाजाराला. देऊळघाटाच्या पलीकडे आमचं गाव, आणि तिथे पिठाची गिरणी चालवणारा हा गृहस्थ. अंगानं भरलेला, भुवयांवर कायम पीठ. आम्ही टॉर्चला बॅटरीच म्हणत असू, आणि गिरणीवाल्यांना विचारल्याशिवाय कुणी बॅटरी घेत नसे. सेल घेतानाही तारेचा तुकडा लावून ते जिभेला टेकवत. आंबट लागलं की म्हणत, "जिता हाय." घरचे जुने सेल गिरणीच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातलेले असत. पोरं विचारत, "काका, पापड झाले का?"

पाचवी बॅटरी पास झाली. तीन सेलची, चकचकीत, पुढची कडी फिरवली की उजेड भिंतीवर परातीएवढा पसरे, उलटी फिरवली की रुपयाएवढा होई.

मला वाटलं, सुटलो. पण तिथून पुढे त्यांचं खरं काम सुरू झालं. बटण खिशात आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून त्यांनी त्याखाली सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं. मागच्या झाकणात कापसात गुंडाळून एक जादा बल्ब ठेवला. चर्मकाराकडून मनगटात अडकवायला चामड्याचा फास करवून घेतला, आणि कमरेला बांधायचा एक रुंद पट्टा, त्याला बॅटरीचं घर. "दुहेरी शिवण मार बे. हे काई चपलेचा अंगठा नोहे," असं त्याला तीनदा बजावलं. पट्ट्याचे पैसे त्यांनी दिले. मी देऊ लागलो तर म्हणाले, "बॅटरी तुमची, हौस माही."

बॅटरी घेतली होती पेवासाठी. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारी साठवायचा तो जमिनीतला खड्डा. वर तोंड एवढंच की एक माणूस जेमतेम उतरावा. आत पोट मोठं. आमचं पेव अंगणात होतं, दोन पुरुष खोल. घरातली ज्वारी संपली की भाद्रपदात ते उघडायचं. उघडल्यावर काही वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. दिवा विझला नाही तर माणूस उतरवायचा. हा नियम गावात पोरासोरांनाही माहीत होता.

"कंदिलानं ज्वारीले घासलेटचा वास लागते," गिरणीवाल्यांचं म्हणणं. "गेल्या साली दळताना माह्या नाकाले कळलं. अन् जराशी हवा लागली की विझून जाते. त्याचा काय भरवसा?"

मला ते पटलं. वास मलाही आला होता.

पेव उघडलं त्या सकाळी ते स्वतःहून आले, कमरेला तो पट्टा बांधून. आमचा गडी उतरणार होता. पण ते म्हणाले, "नव्या बॅटरीचं काम याले जमाचं नाई. मीच उतरतो."

आई ओट्यावरून म्हणाली, "आधी दिवा सोडा रे."

"सोडतो ना काकू."

त्यांनी बॅटरी सुरू केली, फासाला दोरी बांधली आणि आत सोडली. आम्ही चौघं तोंडाशी वाकलो: मी, आई, गडी आणि ते. खाली ज्वारी पिवळी लखलखीत दिसत होती. उजेड जरासुद्धा थरथरला नाही.

"पाहा काकू. जळून राह्यली का नाई?"

"जळते बाप्पा," आई म्हणाली. "उतर मंग."

बॅटरी वर ओढून त्यांनी मनगटात अडकवली आणि आम्ही दोराने त्यांना खाली सोडलं. पोती भरताना अडचण नको म्हणून त्यांनी कमरेचा दोर सोडला. पहिलं पोतं भरायला घेतलं. खालून आवाज आला, "भाऊ, दाणा सोन्यासारखा हाय." मग काही वेळानं, "भाऊ, जरा..." आणि पुढे काही नाही.

मी वाकून पाहिलं. ते ज्वारीवर कुशीला पडले होते. बॅटरी मनगटात अडकलेली, उजेड भिंतीवर. तो तसाच स्थिर होता.

मी पाय आत टाकला तर आईनं मागून माझा सदरा धरला. दुसऱ्या हातानं तिनं गड्याला कोनाड्यातला कंदील दाखवला. त्यानं तो पेटवून खाली सोडला. ज्वारीपासून हातभर वर असतानाच ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. घाईत वर ओढताना कंदील दगडावर आपटला आणि काच फुटली.

तेव्हा आम्हाला कळलं की दिवा सोडायचा तो उजेडासाठी नव्हे. श्वास ज्याला लागतो असं काहीतरी आधी आत पाठवायचं असतं. बॅटरीला श्वास लागत नाही.

आई सदरा सोडेना. खाली ते, वर मी, दोघेही अडकलेलो. गड्यानं कडुलिंबाच्या फांद्या तोडून आणल्या. त्यांचा भारा दोराला बांधून तो जोरानं वर-खाली करू लागला, हवा हलावी म्हणून. गळ आणतो म्हणालो तेव्हा आईनं सदरा सोडला; मी तो विहिरीवरून आणला, पडलेली बादली काढायचा. बॅटरीच्या उजेडात तो पट्टा स्वच्छ दिसत होता. गळ दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बॅटरीच्या घराखाली रुतला. तिघांनी ओढलं. दुहेरी शिवण टिकली. पण पेवाच्या तोंडाशी त्यांचं भरलेलं अंग दुमडलेलं अडकलं, ना वर ना खाली. आईनं दोन्ही हात आत घालून त्यांचं डोकं आधी बाहेर काढलं. मग खांदे आले, मग सगळेच आले.

अंगणात उताणे ठेवले. छाती हलत होती. बॅटरी मनगटाला लोंबत होती, जळतच. आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं खाली वाकून बॅटरीवर फुंकर मारली. एकदा, दोनदा. ती विझेना तेव्हा पदर तोंडाला लावून रडायला लागली.

बऱ्याच वेळानं ते बोलले. वर मोकळं आभाळ, चहूकडे अंगण, आणि ते म्हणाले, "दार उघडा."

तेव्हापासून तेच त्यांचं पालुपद झालं. गिरणीचं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. पौषातसुद्धा अंगणात झोपत. गिऱ्हाइकांनी गर्दी केली की ते रस्त्यावर येऊन उभे राहत आणि धान्य अडलं की तिथूनच आतल्यांना ओरडत, "चाळण हलवा!" लोक हसत, पण त्यांच्या वाटेतून बाजूला होत. तो पट्टा त्यांनी पुन्हा बांधला नाही. कुणी बाजाराला नेलंच तर दुकानाच्या पायरीखाली थांबत. "तुमी आत जा. मी बाहेरच उभा राह्यतो. कानाशी हलवून पाहा." आणि शेवटी दरवेळी, "घरचा कंदील मोडीत काढू नका."

एकदा मी विचारलं, खाली नेमकं काय झालं होतं?

ते म्हणाले, "अंधार असता तं बरं झालं असतं, भाऊ. सगळं दिसत होतं. दाणान् दाणा दिसत होता. वर तोंडातून तुमी वाकलेले दिसत होते. अन् मले हात उचलता येत नव्हता."

कंदिलाच्या काचेचे पैसे ते आईला देऊ करत. दर भाद्रपदात. आई दरवेळी म्हणे, "माणूस वर आला ना? काचेचं काय घेऊन बसला?" त्यावर त्यांचा चेहरा पडे.

पुढे गिरणी विकून ते मुलाकडे जळगाव जामोदला राहायला निघाले. मी एस.टी.पर्यंत गेलो. ती बॅटरी बरोबर नेली होती, द्यावी म्हणून. त्यांनी ती हातात घेतली, कानाशी हलवली, कडी फिरवून पाहिली. "चांगली निघाली," म्हणाले आणि परत दिली.

गाडीच्या पायरीवर ते उभेच राहिले. कंडक्टर म्हणाला, "आत व्हा बाबा, दार लावाचं हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते आत गेले. दार लागलं. मग खिडकीत त्यांचा चेहरा दिसला, दोन्ही हात खिडकीच्या गजांवर. घंटी झाली तशी एक मूठ गजांमधून बाहेर आली.

"काकूले द्या. आता नाई म्हणू नका म्हणा."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. तीन वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, ते गेल्याचं.

एस.टी. सुटली त्या दिवशी घरी येऊन मी मूठ आईपुढे उघडली. तिनं पैसे मोजले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. मोजले होते मी, वाटेत: सदतीस पैसे, म्हणजे जुने सहा आणे. कंदिलाच्या एका काचेचे. दिले गिरणीवाल्यांनी, घेतले आईनं.