पाचवा रकाना

"मंग, काम झालं म्हणायचं का?"

मामा फोनवर एवढंच विचारायचे आणि गप्प बसायचे. पलीकडचा माणूस उठून संगणक चालू करी, एखादं पुस्तक देऊन-घेऊन बघे. तोवर मामा फोन कानाला धरून थांबत. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना झोप लागली.

आम्ही काही जण नवीन जालना भागात बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांत संगणकाची कामं करतो. नोकरी सांभाळून गावोगावच्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो. फुकट, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. आम्ही सगळेच ज्यांना मामा म्हणायचो, ते बँकेतून निवृत्त झालेले. प्रोग्रामिंग त्यांना येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ते तक्रारी सांभाळत. दुरुस्ती झाली की तक्रार करणाऱ्याला फोन लावत, आणि तो 'झालं' म्हणाला तरच तक्रार बंद करत. आमच्या 'झालं'ला त्यांच्याकडे काही किंमत नव्हती.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यामुळे काम लांबतं म्हणून तुम्हीही कधी घड्याळाकडे पाहिलं असेल.

तक्रारी वाढल्या, माणसं थकली. कामं वाटून घ्यायला आणि कुठवर आलीत ते बघायला नवं साधन घ्यायचं ठरलं. तक्रारी नोंदवायच्या जुन्या जागेवरून तिकडं जायचा आराखडा मी लिहिला. नव्या साधनातल्या बोर्डावर चार रकाने: नवीन, हातात, तपासणी, पूर्ण. बैठकीत मामांनी चष्मा वर केला.

"पाचवा पाह्यजे. फोन केला, असा."

"मामा, पूर्ण झालं की आपोआप मेल जातो."

"जातो हो. वडीगोद्रीच्या वाचनालयातल्या बाई मेल उघडतेत का पण?"

"मामांना रकाना न्हाई, टेलिफोन एक्स्चेंज काढून द्या," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांत जास्त मामाच हसले. मी आराखड्यात लिहिलं: पाचवा रकाना, दुसरा टप्पा.

एका रविवारी मी जुन्या तक्रारी माझ्या खात्यातून नव्या बोर्डावर आणल्या आणि जुनी जागा बंद केली. ज्याच्या खात्यातून आणाव्यात त्याचंच नाव तक्रारदार म्हणून लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. शहागड असो की वडीगोद्री, सगळ्या तक्रारी माझ्या नावावर.

सोमवारी मामांचा फोन आला.

"सभासदाचं आडनाव बदलत न्हाई, अशी तक्रार होती तुमची. मंग, काम झालं म्हणायचं का?"

"मामा, ती माझी तक्रार नाही."

"बोर्डावर तर तुमचंच नाव हाय. लई तक्रारखोर निघाले तुम्ही."

मी हसलो. पुढे कुठलीही तक्रार 'पूर्ण'मध्ये गेली की हा फोन ठरलेला. हळूहळू त्यातली चेष्टा आटली.

"नंबर सगळे हायेत माझ्याजवळ," ते एकदा म्हणाले. "कोणती तक्रार कुणाची, तेवढंच कळंना. जुन्या नावांची फाईल असंल की तुमच्याकडं. ती द्या."

"देतो, मामा."

नावं नीट लावणंही दुसऱ्या टप्प्यात होतं, आणि दुसरा टप्पा सुरू करायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. फाईल पाठवायला टप्पा लागत नाही.

मामांचे फोन थांबले. उन्हाळ्यात मामा गेले. बोर्डावरचा 'पूर्ण'चा रकाना तेव्हा गच्च भरलेला होता.

मागच्या आठवड्यात मी ती फाईल उघडली आणि वडीगोद्रीच्या वाचनालयातल्या बाईंना फोन लावला. परत आलेलं पुस्तकही संगणकात बाहेर दिलेलंच दिसतं, अशी त्यांची तक्रार होती. ती दुरुस्त होऊन वर्ष होत आलं होतं.

"आम्ही तर हातानंच लिहून राह्यलो," त्या म्हणाल्या. "मामांचा फोन न्हाई आला. मंग म्हणलं, व्हायचं असंल अजून."

मी मामा गेल्याचं सांगितलं. "कळवलंच न्हाई की कुणी," त्या म्हणाल्या.

"दुरुस्ती झालीये, बाई. एकदा बघता का?"

"थांबा, लावते संगणक. जल्दी चालू न्हाई होत तो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि थांबलो.