माझ्या नावाचे सात केसपेपर

माझी फजिती मी कुणाला सांगावी अशी वेळच कधी आली नाही. वेल्ह्यापासून भोरपर्यंत ती लोकांना माझ्याआधी कळलेली असते. पण लोक सांगतात ती वेगळी आणि खरी वेगळी. खरी ऐकायची असेल तर चहा सांगा!

विंझरच्या पलीकडं आमचं गाव. दिल्लीला समाजकार्य शिकून मी गावी परतलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि अंगात नुसती वाफ होती. कुणी शाळा काढतं, कुणी झाडं लावतं. मी ठरवलं, पुरुषांच्या कमरेखालच्या आजारांवर काम करायचं.

हसू नका! याला कारण होते आमचे तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. आणि परत येऊन बघतो तर काय, हा माणूस तासातासाला शेताच्या कडेला जातोय, दहा-दहा मिनिटं उभा राहतोय आणि कपाळावर घाम घेऊन तसाच माघारी येतोय.

"तात्या, लघवीचा त्रास आहे ना? डॉक्टरकडे जाऊ."

"कुनी सांगितलं तुला? पाटाचं पानी बगाय गेलतो."

"पाटाला महिनाभर पाणी नाही, तात्या."

"म्हनूनच बगाय गेलतो!"

आता या माणसाशी कसं बोलायचं, सांगा बरं?

म्हणून मी शिबिर ठेवलं. शाळेत. पुण्याहून डॉक्टर बोलावले. शाळेच्या भिंतीवर गेरूने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पुरुषांनो, लाज सोडा! कमरेखालच्या आजारांची मोफत तपासणी.' आठवडाभर गावातल्या बायका त्या भिंतीवरून तोंडाला पदर लावून जात होत्या.

शिबिराच्या दिवशी समोरच्या कट्ट्यावर चाळीस पुरुष बसलेले. आत एकही नाही! डॉक्टर टेबलावर बोटं वाजवताहेत. शेवटी मी कट्ट्यापुढे उभा राहिलो आणि पाऊण तास बोललो. शरीर म्हणजे काय, लाज म्हणजे काय, जुन्या समजुतींचं ओझं म्हणजे काय. मलाच भरून आलं.

बोलणं संपलं तसे नामूअण्णा म्हणाले, "येवढं सोपं हाय तर आदी तूच जा की."

नामूअण्णा आमच्या कट्ट्याचे पुढारी. त्यांच्या तोंडून आव्हान आल्यावर मी थांबतो होय?

"जातो!" म्हणालो आणि गेलो.

डॉक्टरांनी मला उभं केलं, जांघेवर हात ठेवला. म्हणाले, खोका. मी खोकलो. पुन्हा खोका. पुन्हा खोकलो. तिसऱ्यांदा खोकलो तेव्हा त्यांनी पेन उघडलं.

"हर्निया आहे. उजवीकडे. ऑपरेशन लागेल."

"कुणाला?" मी विचारलं.

बाहेर आलो. लपवावं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आत्ताच पाऊण तास बोललेला माणूस लपवणार कसा? छाती काढून सांगितलं, "मला हर्निया आहे! ऑपरेशन करायचंय! बघा, वाटतेय का मला लाज?"

मग नामूअण्णा धोतर झटकत उठले.

"बगितलं का रं? आत गेला तवा धडधाकट व्हता!"

पाच मिनिटांत कट्ट्यावर एक माणूस शिल्लक राहिला नाही.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं. सोबतीला तात्या. आणि दुसऱ्या दिवसापासून काय आश्चर्य! गाव भेटायला यायला लागलं. नसरापूरचे रफिकभाई रोज भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याला जायचे, त्यांच्या टेम्पोत बसून माणसं येत होती. तीन दिवसांत अकरा पुरुष! बायको-पोरं नाहीत, नुसते पुरुष.

मला गहिवरून आलं. वाटलं, शिबिर बुडालं पण माणसं जोडली गेली. तरी वागणं जरा विचित्रच. केळी ठेवायची, "बरं हाय ना?" विचारायचं, मी तोंड उघडेपर्यंत "आलोच" म्हणून जायचं आणि दोन-दोन तास गायब!

मी पडल्यापडल्या प्रत्येकाला झापत होतो, "मला बघायला येता, स्वतःला कधी दाखवणार?"

"आमाला काय धाड भरलीया?" उत्तर ठरलेलं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलचे डॉक्टर आले. हातात कागदांचा गठ्ठा.

"अविनाश, तुमचं वय काय?"

"सव्वीस."

"हा कागद म्हणतो एकेचाळीस. हा म्हणतो पंचावन्न. ह्यावर तुम्हाला डाव्या बाजूला हायड्रोसील आहे, ह्यावर दोन्ही बाजूंना. ह्यावर तुम्हाला सहा मुलं आहेत आणि ह्यावर मूल होत नाही म्हणून तुम्ही आलात." त्यांनी चष्मा काढला. "सात केसपेपर आहेत. गाव तेच आणि नाव तुमचंच. माझ्या बाह्यरुग्ण विभागात काय चाललंय?"

मला काय माहीत! मी केळी खात होतो.

डॉक्टरांनी एक कागद वेगळा काढला. आता ते चेष्टेत बोलत नव्हते. "बाकीचे थांबतील. हा थांबणार नाही. वय चौसष्ट. प्रोस्टेटची गाठ वाढलीय, लघवीची पिशवी रिकामी होत नाही, मूत्रपिंडांवर ताण यायला लागलाय. आठ दिवसांत ह्यांना इथे आणा."

"पण हे कोण?"

"कागदावर तरी तुम्हीच आहात."

घरी जाताना टेम्पोत पुढे मी आणि रफिकभाई. तात्या मागे जाळीच्या पिशव्यांवर बसलेले. मी रफिकभाईंना धरलं, "भाई, खरं सांगा."

"त्याचं काय झालं भाऊ, खिडकीवरची बाई नाव इचारती. पयले नामूअण्णा गेले. म्हनले, अवीचं तर समद्या तालुक्याला म्हाईत हाय, त्येचंच सांगू, त्येचं काय जातंय! मागच्यांनी बी त्येच सांगितलं."

"भाई, तुम्ही तरी समजावायचं ना त्यांना!"

रफिकभाई काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. "त्यो एकेचाळीसवाला कागद माजा हाय."

आता चौसष्टवाला शोधायचा. संशय तात्यांवरच. पण त्या वयाचे आणखी दोघे येऊन गेले होते आणि आमच्याकडे साठीनंतर वय अंदाजानेच सांगतात. तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "म्या तुझा डबा आनाय गेलतो." दुसऱ्याने सांगितलं, सून पुण्यात असते, तिच्याकडे गेलो होतो. तिसरा म्हणाला, लिफ्ट बघत होतो. दोन तास!

मी समजावलं. चिडलो. दारोदार फिरलो. मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. सगळे मान हलवायचे आणि म्हणायचे, "ज्याचा कुनाचा कागद आसंल त्यानं जायाच पायजे." सहा दिवस गेले! सकाळी तात्या शेताकडून येताना भिंतीला धरून थांबलेले दिसले. पण त्यांना हाताला धरून विचारलं असतं, तर पुन्हा पाटाचं पाणी!

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. सगळे होते. मी हात जोडले.

"ठीक आहे. कागदावर माझं नाव आहे ना? मग मलाच झालंय. लघवीच्या वाटेचं ऑपरेशन आहे. परवा जातोय पुण्याला. सोबतीला कोण येणार?"

तात्या तंबाखू मळत होते, मळतच राहिले. मग चिमूट दाढेला लावली आणि म्हणाले,

"म्या येतो. पोराला येकलं कसं धाडायचं?"

तात्यांचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी संडासात जाऊन रडलो, ते असो.

चौथ्या दिवशी तात्या पलंगावर, मी स्टुलावर. खिडकीखाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तात्यांनी कान टवकारले.

"आले! ऊठ. न्हाई, झोप. हितं झोप!"

"तात्या, ऑपरेशन तुमचं झालंय!"

"हळू बोल की रं!"

नर्सने त्यांना बसायची परवानगी कालच दिली होती. आता मात्र ते ज्या चपळाईने स्टुलावर गेले ती बघून तिने परवानगी मागे घेतली असती. लघवीची नळी आणि पिशवी घोंगडीखाली घेतली.

"तात्या, ही लबाडी आहे. मी तत्त्वाने अशा…"

"तत्त्व मागनं. आदी चादर वढ."

मी पलंगावर आडवा झालो. चादर हनुवटीपर्यंत.

नामूअण्णा आत आले, पाठीमागे चौघे. सगळ्यांनी आधी तात्यांकडे बघितलं. माणूस अर्धा झालेला, डोळे खोल गेलेले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय रं अवी," नामूअण्णा म्हणाले, "तुज्या दुखन्यापायी म्हाताऱ्याचं तोंड बग कसं उतरलंय! कवाधरनं बसवून ठिवलंयस त्यास्नी?"

"आसू दे," तात्या म्हणाले. "आपलंच हाय. त्येला लई सोसवत न्हाई."

दिल्लीहून गावाची लाज घालवायला आलेला मी डोळे मिटून कण्हलो.

तात्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, वाकले आणि कानात म्हणाले,

"जरा मोठ्यानं."